वजन उतरवायचंय? सुरुवात टेपपासून आणि तेलाच्या डब्यापासून करा

वजन कमी करायचं ठरलं की पहिल्याच आठवड्यात बहुतेक घरांत तीन गोष्टी होतात. भात बंद होतो, सकाळी कोमट पाण्यात मध-लिंबू सुरू होतं आणि रात्रीचं जेवण सातच्या आत उरकायची धडपड चालू होते. यातलं काहीच घातक नाही. पण ज्या आशेने हे सगळं केलं जातं ती पुरी होत नाही. महिन्याभरात माणूस कंटाळतो आणि 'आमच्या घराण्याची ठेवणच अशी' म्हणून सोडून देतो. मला याचं वाईट वाटतं, कारण कष्ट खरे असतात, जागा तेवढी चुकलेली असते.

वजनाबद्दलचे बहुतेक गैरसमज एकाच मुळातून फुटतात असं माझं मत आहे. एखादा पदार्थ, एखादी वेळ किंवा एखादा व्यायाम पकडायचा आणि सगळा दोष किंवा सगळं श्रेय त्याच्या पदरात टाकायचं. शरीर मात्र एकूण जमाखर्च बघतं, आणि तोही एका दिवसाचा नव्हे, आठवड्यांचा. तेव्हा नव्याने सुरुवात करणाऱ्याने कुठल्या क्रमाने काय करावं आणि त्या त्या टप्प्यावर कोणते समज आडवे येतात, ते इथे सांगते.

पायरी 1 : वजनकाट्याआधी कंबर मोजा

'मी कुठे जाड आहे, नुसतं पोट तर आहे' हे वाक्य आपल्याकडे इतकं सर्रास ऐकू येतं की त्यातला धोका कुणाला जाणवत नाही. हा धोका जगासमोर नेमकेपणाने मांडणारं काम आपल्या पुण्यात झालं. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे सहकारी जॉन युडकिन या दोघांचं छायाचित्र 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. दोघांचा बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) अगदी सारखा, 22.3. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के निघाली. वजन आणि उंचीचं गणित तेच, आतलं शरीर मात्र वेगळं. भारतीय माणूस काट्यावर बारीक दिसतो, पण त्याच्याकडे स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते, आणि ही चरबी पोटाभोवती साठते. मधुमेह आणि हृदयविकार आपल्याला तुलनेने कमी वजनावर आणि लवकर गाठतात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयच्या मर्यादा खाली आणल्या गेल्या. पाश्चात्त्य देशांत 25 च्या पुढे जास्त वजन आणि 30 च्या पुढे लठ्ठपणा धरतात, आपल्याकडे अनुक्रमे 23 आणि 25. उंची 160 सेंटीमीटर असेल तर 59 किलोच्या आसपास पहिली रेषा येते आणि 64 किलोला दुसरी. मोबाइलवरच्या एखाद्या ॲपने 63 किलोला तुम्हाला 'नॉर्मल' म्हटलं, तर ते परदेशी मोजमाप लावत असणार.

कंबर मोजायची ती पँटच्या पट्ट्यावर नाही. पुरुषांची पँट पोटाच्या खाली बसते, त्यामुळे 34 ची पँट घालणाऱ्याची कंबर 38 इंच निघते आणि त्याला धक्का बसतो. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका. पुरुषांनी 90 सेंटीमीटर (साधारण साडेपस्तीस इंच) आणि स्त्रियांनी 80 सेंटीमीटर (साडेएकतीस इंच) ही मर्यादा लक्षात ठेवायची. आकडा वहीत लिहा, तारखेसकट.

पायरी 2 : काही जणांनी आधी डॉक्टरांकडे जावं

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेत असाल तर जेवण गाळण्याचा कुठलाही प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. औषध तेवढंच राहिलं आणि खाणं कमी झालं, की साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. गरोदर स्त्रिया, वाढीच्या वयातली मुलं, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि अशक्त झालेले वृद्ध यांनीही आपल्या मनाने काही करू नये. बाळंतिणीला तर 'आता पोट कमी कर' असं सांगणाऱ्यांना घरच्यांनीच थांबवावं. अंगावर पाजणाऱ्या आईला जास्तीची ऊर्जा लागते. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू त्यासाठीच असतात, फक्त ते वर्षभर चालू ठेवायचे नसतात.

इथे थायरॉइडचं बोलायला हवं. वाढलेल्या प्रत्येक किलोचं खापर थायरॉइडवर फोडण्याची आपल्याला सवय लागली आहे. थायरॉइड कमी काम करत असेल तर वजन वाढतं हे खरं, पण ते साधारण 2 ते 4 किलो, आणि त्यातला बराचसा भाग मीठ आणि पाणी साठल्याने. वरचे 15 किलो एकट्या थायरॉइडचे नसतात. तपासणी जरूर करा, गोळी नियमित घ्या आणि पुढच्या पायऱ्या इतरांसारख्याच चढा. स्टेरॉइड, इन्सुलिन आणि मानसिक आजारांवरची काही औषधं मात्र वजन खरोखर वाढवू शकतात. ती स्वतःहून बंद करायची नाहीत. पर्याय आहे का, हे डॉक्टरांना विचारायचं.

पायरी 3 : आठवडाभर काही बदलू नका, फक्त लिहा

'मी काहीच खात नाही, तरी वजन वाढतं.' असं म्हणणारी माणसं खोटं बोलत नसतात. अमेरिकेत 1992 मध्ये अशाच तक्रारीच्या लोकांवर एक अभ्यास झाला. आपण दिवसाला 1200 कॅलरींपेक्षा कमी खातो आणि तरी वजन हलत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या शरीराचा ऊर्जाखर्च तपासला, तो ठीकठाक निघाला. पण खाण्याचा त्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा 47 टक्क्यांनी कमी होता आणि हालचालीचा अंदाज 51 टक्क्यांनी जास्त. माणसाची स्मृती जेवणाची ताटं मोजते आणि मधलं सगळं सोडून देते.

आपल्या घरांत हे मधलं बरंच असतं. सकाळचा चहा आणि त्याबरोबर दोन खारी. मुलाच्या डब्यात परत आलेला अर्धा पराठा, 'टाकवत नाही' म्हणून आईने संपवलेला. स्वयंपाक करताना चाखलेली भजी. ऑफिसात कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. संध्याकाळी डब्यातून उचललेली मूठभर शेव. शेव-फरसाणाच्या पाकिटावरची माहिती वाचा, 100 ग्रॅमला बहुतेक वेळा 500 कॅलरींच्या वर आकडा असतो. दोन चमचे साखरेच्या चहात साखरेच्याच साधारण 40 कॅलरी जातात. असे दिवसाला पाच चहा म्हणजे 200, दूध वेगळं.

एक साधी वही घ्या आणि सात दिवस तोंडात गेलेलं सगळं लिहा. प्रमाण वाटी, चमचा, नग असं असलं तरी पुरे. या आठवड्यात स्वतःवर कुठलंही बंधन नको, नाहीतर वहीत तुमचं खरं खाणं उतरणार नाही. शनिवार-रविवार धरूनच लिहा, कारण पाच दिवस सांभाळलेलं बरंचसं या दोन दिवसांत निसटतं.

पायरी 4 : तेलाच्या डब्यावर तारीख घाला

माझ्या मते मराठी घरात वजनाचा सगळ्यात मोठा प्रश्न भात किंवा बटाटा यांच्याआधी फोडणीत असतो. एक ग्रॅम पिष्टातून किंवा प्रथिनातून 4 कॅलरी मिळतात, एक ग्रॅम तेल-तुपातून 9. मोठा चमचाभर तेल म्हणजे 120 कॅलरींच्या आसपास, आणि तेल बुधल्यातून थेट कढईत ओतलं की चमचे कोण मोजणार? भाजीला, आमटीला, पोह्याला, चटणीवर कच्चं, चपातीच्या घडीत आणि वरून पुन्हा भाजताना. प्रत्येक ठिकाणी ते थोडंच वाटतं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2000 कॅलरींच्या दिवसासाठी जे ताट सुचवलं आहे, त्यात तेल-तूप मिळून 27 ग्रॅम धरलं आहे. चौघांच्या घराचा हिशेब केला तर महिन्याला सव्वातीन किलोच्या आसपास, म्हणजे साधारण साडेतीन लिटर, आणि त्यात तूप-लोणीही आलं. पाच लिटरचा डबा फोडला की त्यावर मार्करने तारीख लिहा. तो किती दिवसांत संपतो हे बघितलंत की घरात बाकी काही सांगावं लागत नाही. बाहेरचं खाणं या हिशेबात धरलेलंच नाही, हे ध्यानात असू द्या.

पुढचा उपाय सोपा आहे. बुधला ओट्यावरून हलवा आणि तेल चहाच्या चमच्याने घ्या. चौघांच्या भाजीला चार छोटे चमचे पुरतात. पहिले चार दिवस भाजी कोरडी वाटते. झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवायची जुनी रीत इथे कामाला येते.

आता या भोवतीचे समज. 'घाण्याचं तेल आहे, त्याने वजन वाढत नाही', 'साजूक तूप चरबी वितळवतं', 'ऑलिव्ह ऑइल हलकं असतं'. स्वाद, दर्जा आणि शरीरावरचे इतर परिणाम यांत फरक असतील, पण कॅलरींच्या बाबतीत सगळी तेलं आणि तूप जवळजवळ एका मापाची आहेत. वरणभातावर चमचाभर तूप घ्या, मनापासून घ्या. फक्त तो चमचा त्या 27 ग्रॅममधला धरा.

गुळाचं आणि मधाचंही तसंच. गुळाच्या आणि साखरेच्या कॅलरी जवळजवळ सारख्या. मोठा चमचाभर मध म्हणजे 60 च्या वर कॅलरी. कोमट पाण्यात घातल्याने तो चरबी वितळवत नाही, कारण चरबी पाण्याच्या उष्णतेने वितळून शरीराबाहेर जात नसतेच. शरीर चरबी जाळतं तेव्हा तिचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं, आणि वजनाच्या हिशेबाने तिचा 84 टक्के भाग उच्छ्वासावाटे जातो. सकाळचं कोमट पाणी तुम्हाला आवडत असेल तर प्या, मध वगळून प्या.

दाण्याचं कूट आणि ओलं खोबरं बंद करा असं मी सांगणार नाही. ते गेले तर आपल्या जेवणाची चवच गेली. पण 30 ग्रॅम शेंगदाण्यांत 170 च्या आसपास कॅलरी असतात, तेव्हा कूटही चमच्याने मोजूनच घाला.

पायरी 5 : ताटात काय वाढवायचं ते आधी ठरवा

भात हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा आरोपी. कोकणात आणि गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या माणसं भातावर जगली, राबली. शिजलेल्या 100 ग्रॅम भातात साधारण 130 कॅलरी असतात. तो बंद करून त्या जागी तेल लावलेल्या दोन जास्तीच्या चपात्या आल्या तर आकडा खाली येण्याऐवजी वर जातो. भाकरीचंही असंच. ज्वारी उत्तम धान्य आहे, भाकरीला तेल लागत नाही, पोट भरल्यासारखं राहतं, हे सगळं खरं. पण ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठाच्या कॅलरींत फारसा फरक नाही. 60 ग्रॅम पिठाची थोराड भाकरी म्हणजे सुमारे 200 कॅलरी, 30 ग्रॅम पिठाची कोरडी चपाती म्हणजे सुमारे 100. 'भाकरीने वजन वाढत नाही' म्हणत तीन भाकऱ्या खाल्ल्या तर त्या सहा चपात्यांच्या ठिकाणी बसतात.

आपल्या ताटातली खरी उणीव प्रथिनांची आहे. प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं हवीत अशी आपल्याकडची शिफारस आहे, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 50 ग्रॅम. 30 ग्रॅम तूरडाळीच्या वरणात ती सहा-सात ग्रॅमच असतात, आणि पाहुणे आले म्हणून वरणात पाणी वाढलं की प्रत्येकाच्या वाट्याला आणखी कमी. वजन उतरत असताना प्रथिनं कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि आपल्याकडे ते मुळातच कमी. शिवाय प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं.

म्हणून भात निम्मा करण्याआधी उसळ दुप्पट करा. मटकी, चवळी, हरभरा, घट्ट वरण, बेताच्या तेलातलं पिठलं, ताकाऐवजी वाटीभर दही, चालत असेल तर अंडी, बांगडा, चिकन. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं, 100 ग्रॅम पनीरमध्ये 18 च्या आसपास. सोयाबीनच्या वड्यांत, कोरड्या मोजल्या तर, 100 ग्रॅममध्ये जवळपास 50. डब्यातल्या महागड्या पावडरीची गरज बहुतेकांना पडत नाही. ताटाचा अर्धा भाग पालेभाजी, फळभाजी आणि कोशिंबिरीने भरा. भात-चपातीला मग आपोआप जागा कमी उरते. फळं खा, रस काढू नका. तीन-चार संत्री एका पेल्यात पिळली की चोथा जातो, साखर राहते आणि पोट रिकामंच वाटतं.

पायरी 6 : वेळेच्या भांडणात पडू नका

महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत यावर जेवढा वाद झाला तेवढा क्वचितच दुसऱ्या कुठल्या आहारविषयावर झाला असेल. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी, डॉ. श्रीकांत जिचकार यांची मांडणी पुढे नेत, दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी 55 मिनिटांच्या आत जेवायला सांगितलं. ऋजुता दिवेकर यांनी स्थानिक, पारंपरिक अन्न थोडं थोडं आणि ठरावीक अंतराने खाण्यावर भर दिला. घराघरांत दोन तट पडले. दोन्ही बाजूंना वजन उतरलेली माणसं आहेत, आणि मला यात विरोधाभास दिसत नाही. दोनदाच जेवणाऱ्याचा चहा-बिस्किट-फरसाणाचा रतीब बंद होतो. वेळेवर थोडं खाणारा भुकेने कासावीस होऊन वडापाववर तुटून पडत नाही. दोघांचंही एकूण खाणं कमी होतं.

चीनमधल्या ग्वांगझू इथे लठ्ठ असलेल्या 139 जणांवर वर्षभर चाललेला एक प्रयोग 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांना सारख्याच कमी कॅलरी दिल्या. निम्म्यांनी त्या सकाळी 8 ते दुपारी 4 याच वेळात खायच्या होत्या, बाकीच्यांना वेळेचं बंधन नव्हतं. वर्षाअखेर सरासरी घट अनुक्रमे 8 आणि 6.3 किलो होती, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. अमेरिकेत 2018 मध्ये 609 जणांवरच्या अभ्यासात कमी चरबीचा आहार आणि कमी पिष्टाचा आहार यांचीही अशीच जवळपास बरोबरी झाली. तुमच्या नोकरीत, घरात, सणावारात जी पद्धत वर्षभर टिकेल ती तुमची. विरारहून चर्चगेटला जाणारा माणूस रात्री 9 ला घरी येत असेल तर साडेनऊला जेवल्याने तो जाड होणार नाही. उशिरा भरपेट जेवून लगेच आडवं झालं की पित्त उसळतं आणि झोप बिघडते, तेव्हा ताट हलकं ठेवायचं एवढंच. झोप मात्र खरोखर महत्त्वाची आहे, कारण अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी भूक वाढते.

उपवासाबद्दल आपल्या पूर्वजांनी 'एकादशी आणि दुप्पट खाशी' असं म्हणून ठेवलंच आहे. 60 ग्रॅम साबुदाणा, 30 ग्रॅम दाण्याचं कूट आणि मोठा चमचाभर तूप एवढ्या खिचडीत 500 कॅलरी होतात, बटाटा न धरता. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. श्रद्धेने उपवास करणाऱ्यांनी तो करावाच. वजनासाठी करायचा असेल तर दही, ताक, फळं, राजगिरा आणि थोडी वरई यांवर करावा.

पायरी 7 : व्यायाम पोटासाठी नको, स्नायूंसाठी करा

घाम म्हणजे चरबी नाही. घामाच्या पट्ट्याने किंवा स्टीम बाथने काट्यावर कमी झालेला किलो पाण्याचा असतो, दोन तांब्यांत परत येतो. पोटाचे व्यायाम करून पोटाची चरबी निवडून काढता येत नाही. 1971 मध्ये टेनिसपटूंच्या हातांची मापं घेतली गेली. खेळता हात स्नायूंनी मोठा होता, पण त्वचेखालच्या चरबीचा थर दोन्ही हातांवर सारखाच. वर्षानुवर्षं एकाच हाताने खेळूनही त्या हाताची चरबी वेगळी झिजली नव्हती. चरबी कुठून आधी जाईल हे शरीर ठरवतं.

चालण्याबद्दल अपेक्षा खरी ठेवा. 70 किलोच्या माणसाने तासभर बऱ्यापैकी वेगाने चाललं तर 200 ते 250 कॅलरी खर्च होतात. एक वडापाव जवळपास 300 चा. सकाळी बागेत फिरून येताना कोपऱ्यावर नाश्ता करणाऱ्यांचं वजन का उतरत नाही, हे यातून कळतं. नुसत्या व्यायामाने फार थोड्यांचं वजन मोठ्या प्रमाणात कमी होतं.

तरीही व्यायाम सोडू नका असं मी अगदी आग्रहाने सांगेन, आणि त्याचं कारण चेन्नईत सापडतं. तिथे मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांना आहारात बदल आणि नियमित चालणं शिकवलं गेलं. 2006 मध्ये निष्कर्ष आले तेव्हा त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण 28.5 टक्क्यांनी घटलं होतं, आणि वजन मात्र फारसं कमी झालेलं नव्हतं. काटा हलला नाही म्हणून ज्यांनी चालणं सोडलं असतं, त्यांनी हा लाभ घालवला असता. आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस जोर लागेल असा व्यायाम, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. बैठका, भिंतीला हात टेकून जोर, खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं इथून सुरुवात होते. वजनं उचलल्याने बायका पुरुषांसारख्या दिसू लागतात ही भीती निराधार आहे. चाळिशीनंतर तर स्त्रियांना हाडांसाठी याची गरज जास्तच.

'वय झालं, आता चयापचय मंदावलं' असंही म्हटलं जातं. 29 देशांतल्या 6400 हून अधिक लोकांच्या मोजमापांवरून 2021 मध्ये असं दिसलं, की शरीराचा आकार आणि स्नायू लक्षात घेतले तर ऊर्जाखर्च विशीपासून साठीपर्यंत जवळजवळ स्थिर राहतो. तिशी-चाळिशीत बदलतात ती खुर्ची, गाडी, झोप आणि स्नायू. त्यांवर बरंच काही आपल्या हातात आहे.

पायरी 8 : काटा कसा वाचायचा

पहिल्या आठवड्यात दोन किलो गेले म्हणून पेढे वाटू नका, आणि पाचव्या आठवड्यात अर्धा किलो वाढला म्हणून खचू नका. खाणं, विशेषतः पिष्ट, कमी झालं की यकृतातला आणि स्नायूंतला साखरेचा साठा वापरला जातो आणि त्याने धरून ठेवलेलं पाणी बाहेर पडतं. लग्नाचं जेवण, पापड-लोणचं, मासिक पाळीचे आधीचे दिवस यांनी पाणी परत साठतं. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी. एका रात्रीत किलोभर चरबी वाढायला तेवढं जास्तीचं खावं लागेल, आणि तेवढं कुणी खात नाही.

आठवड्यातून दोन-तीनदा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा. कंबर महिन्यातून एकदा. आठवड्याला अर्धा किलो ही उत्तम गती आहे. फार झपाट्याने उतरवलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो आणि स्नायू जातात. शरीर हलकं होतं तसा त्याचा खर्चही कमी होतो, म्हणून काही महिन्यांनी गती मंदावणारच. तेव्हा जेवण गाळू नका, वही पुन्हा आठवडाभर लिहा. हळूहळू परत आलेली शेव त्यात सापडते.

पायरी 9 : पावडर, काढा आणि इंजेक्शन

'आयुर्वेदिक आहे, अपाय नाही' म्हणून विकल्या जाणाऱ्या बेनामी पुड्यांपासून लांब राहा. भूक मारणारं सिब्युट्रामिन हे औषध हृदयाच्या धोक्यामुळे 2010 मध्ये युरोप-अमेरिकेत आणि नंतर भारतातही बंद झालं, तरी 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या बारीक होण्याच्या उत्पादनांत ते चोरून मिसळलेलं वारंवार सापडलं आहे. डिटॉक्स रसांचीही गरज नाही, ते काम यकृत आणि मूत्रपिंडं रोज करतात. साखरेऐवजी कृत्रिम गोडी वजन घटवण्यासाठी वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सांगितलं आहे. चहा आठवड्याला पाव चमचा कमी गोड करत गेलात तर जीभ सरावते.

टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइड ही वजनासाठीची इंजेक्शनं 2025 मध्ये भारतात बाजारात आली. त्यांनी वजन खरोखर उतरतं. ती घेणं म्हणजे आळशीपणा, हा समज मला अन्यायाचा वाटतो. लठ्ठपणा हा आजार आहे आणि काहींना औषध लागतंच. पण ही चिठ्ठीवरची औषधं आहेत, लग्नाआधी पाच किलो उतरवण्याची सोय नव्हे. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आल्याचं अभ्यासात दिसलं आहे. डॉक्टरांनी ती सुचवली तर चार गोष्टी विचारून घ्या : किती काळ घ्यावी लागतील, महिन्याचा खर्च किती, मळमळ-उलट्या झाल्या तर काय करायचं, आणि भूक मेलेली असताना रोजची 50-60 ग्रॅम प्रथिनं पोटात कशी जातील. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत पहिली सुई टोचून घेऊ नका.